पडेगाव रस्त्यावरच्या बाळंतिणी

मांजरांचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. मांजरीचे केस कपड्यांना चिकटतात ना, तसेच ते चिकटतात. आपल्याला पत्ताही नसतो. मग कुठंतरी लग्नात बसलेलं असताना कुणीतरी विचारतं, "हे काय गं खांद्यावर?" आणि बसा सांगत!

माझा जनावरांचा दवाखाना पडेगावच्या रस्त्याला आहे. आम्ही तिघं. मी डॉक्टर. पुढच्या टेबलावर सलमाआपा. फोन घेणं, नंबर लावणं आणि कुत्र्यापेक्षा जास्त घाबरलेल्या मालकाला पाणी पाजणं ही खाती त्यांच्याकडं. आणि मच्छिंद्र, माझा असिस्टंट. तो रोज फुलंब्रीहून अप-डाऊन करतो. घरची मेंढरं. बैलाची वेसण एका हातानं धरील, पण नुकती व्यालेली मांजर आली की हा दाराआड. "मॅडम, बैल मारायच्या आधी सांगतो. मांजर सांगत नाय!"

उन्हाळा लागला की मांजरींच्या बाळंतपणाचा सीझन सुरू होतो. फोन ठरलेले. "मॅडम, मांजर व्याली. आता काय करू?" माझं उत्तरही ठरलेलं. खोका द्या, अंधारा कोपरा द्या, खाली जुनी सुती साडी घाला. दूध नको, उकडलेलं चिकन द्या. पाणी जवळ ठेवा. आणि सारखं डोकावू नका.

बहुतेक बाळंतपणं एवढ्यावर निभावतात. मी तुम्हाला उरलेली सांगते.

*

छावणीत सोनवणे काका-काकू राहतात. काका रिटायर्ड शिक्षक. घरात दोघंच, आणि राणी नावाची मांजर. काकांचा फोन आला, "मॅडम, राणी ऐकतच नाही. आतल्या खोलीत एवढा झकास खोका केलाय, तर ही रोज दुपारी पिलं उचलून व्हरांड्यात आणते. उन्हात!"

त्याच बाजूला एक व्हिजिट होती, म्हणून गेले. राणी ठणठणीत. तीन पिलं, तिन्ही गुटगुटीत. माझ्यासमोरच तिनं एकेक करून बाहेर आणली आणि व्हरांड्यातल्या रद्दीवर ठेवली. आम्ही व्हरांड्याच्या दारातच खुर्च्या टाकून बसलो. काकूंनी चहा आणला.

मी म्हटलं, "काका, तिला बाहेर राहू द्या. तुम्ही पिलं उचलून सारखी आत ठेवता, म्हणून ती परत बाहेर आणते. पिलांना माणसाचा हात सारखा लागला की आई बिथरते."

काका काकूंकडं वळले. "ऐकलंस? आता नको ठेवूस हं आत."

"मी?" काकू म्हणाल्या. "माझी कंबर वाकते का एवढी? तुम्हीच ठेवत होतात ना!"

"अगं, मी हातसुद्धा लावलेला नाही."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. रोज संध्याकाळी पिलं आत खोक्यात सापडायची. काकांना वाटायचं, हिला माया आली. काकूंना वाटायचं, ह्यांना. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोघंही मनातल्या मनात एकमेकांवर खूश होते!

मी हसणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून पिलाचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

राणी आमच्या पायाशी बसलेली. रद्दीवर दोनच पिलं. आत जायचं तर आमच्या तिघांच्या खुर्च्यांमधूनच वाट. राणीनं मान वळवून आत बघितलं. केस फुगवले नाहीत, फिसकारली नाही. घरातलं कुणी माणूस उठून आत गेलं की बघावं, तसं नुसतं बघितलं आणि पंजा चाटायला लागली.

काका उठायला लागले. काकूंनी त्यांचा हात धरला आणि अगदी हळू म्हणाल्या,

"मोठ्यानं बोलू नका. ज्यानं ठेवलं त्याला वाईट वाटेल."

*

सलमाआपांकडं शेरू नावाचा बोका आहे. वयानं मोठा, आळशी, आणि ऑपरेशन झालेला. ते ऑपरेशन मीच केलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

एकदा दुपारी, आम्ही डबे उघडत होतो तेव्हा, एक रिक्षावाला मांजर घेऊन आला. दौलताबाद रस्त्यावर गाडीखाली आली होती. टेबलावर ठेवली आणि गेली. दुधानं भरलेली होती. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भाऊ, पिलं असणार कुठंतरी." बिचारा उलट्या पावली गेला आणि पेरूवाल्याच्या गाड्याखालून दोन पिलं घेऊन आला. डोळेसुद्धा उघडले नव्हते.

आपा म्हणाल्या, "मैं लेके जाती." मी त्यांना बाटली दिली, दुधाची पावडर दिली. पाजल्यावर ओल्या कोमट कापसानं बुड पुसायचं, आई चाटते तसं, नाहीतर पिलांना शू होत नाही, हेही समजावलं.

दुसऱ्या दिवशी आपा टोपली घेऊन हजर. "मॅडम, ये बच्चे बाटली कू मुँह नहीं लगा रहे."

मी पिलं हातात घेतली. पोटं तट्ट. बुडं स्वच्छ. अंगावरचे केस चाटून बसवलेले.

"आपा, कुणीतरी पाजलंय ह्यांना."

"हौ ना! वोच तो!" असं म्हणून आपांनी टोपलीतून शेरूला बाहेर काढलं.

मी त्याच्या पोटावर बोटानं जरा दाबलं. पांढरा थेंब आला. मी दुसरीकडं दाबलं. तिथंही आला.

मच्छिंद्र लांबूनच ओरडला, "मॅडम, ह्यो बोका हाय का नाय नक्की?"

"मीच ऑपरेशन केलंय रे त्याचं!"

मी म्हटलं, हार्मोनचा काहीतरी घोटाळा असेल. काही सुचलं नाही की आम्ही डॉक्टर लोक हार्मोनवर ढकलतो. क्वचित घडत असेल, पिलांच्या वासानं घडत असेल.

पण आपांचं समाधान होईना. त्यांच्या मिस्टरांनी त्यांना काय सांगितलं होतं, ते त्यांनी मग सांगितलं. शेरूनं आपांची जुनी ओढणी ओढत ओढत पलंगाखाली नेली, गोल करून तिच्यात बसला आणि घशातून एक आवाज काढायला लागला. आई पिलांना बोलावते ना, घुर्र घुर्र करून, तो.

"आपा, तुम्ही पिलं घरी नेल्यावर त्याला वास आला असेल."

"नै मॅडम," आपा म्हणाल्या. "वो कल सुबे से बुला रहा था. उनकी माँ तो दोपहर में मरी!"

*

हा मच्छिंद्रच्या घरचा. त्याच्याच तोंडून ऐकला, चहाच्या वेळी.

"मॅडम, आमच्या घरी एक मांजर आली व्हती. आमची नाय. गावातली बी नाय. पोट हे एवढं! सरळ आत आली, थोरल्या वहिनीच्या बाजंवर चढली आन् पसरली."

त्याच्या थोरल्या वहिनीला मूलबाळ नव्हतं. शहरातले सगळे डॉक्टर करून झाले होते. अलीकडं तर तिनं लोकांच्या बारशाला जाणंही सोडलं होतं. घरातल्यांना वाटलं, ही मांजरीला हाकलणार. पण वहिनीनं बाज तिला दिली आणि स्वतः खाली अंथरूण टाकलं. मच्छिंद्रची आई म्हणाली, "बाळंतपणाला आलेलीला कुनी हाकलतं का?" आणि बाजरीचं पातळ करून, त्यात दूध घालून मांजरीपुढं ठेवलं.

"अरे, दूध नाही द्यायचं मांजरीला!" मी म्हटलं.

"ते तुमीच सांगा आईला."

एक दिवस दुपारी सगळी माणसं शेतात गेलेली. घरात वहिनी एकटी. मच्छिंद्र आणि त्याची आई परत आली, तर मांजर अंगणातून बाहेर निघालेली. पोट सपाट! व्याली होती.

आई लगबगीनं आत गेली पिलं बघायला. बाजेवर नाहीत. बाजेखाली नाहीत. कणगीमागं बघितलं, गोधड्या झटकल्या, सरपणाचा ढीग उपसला. एक पिलू नाही. रक्ताचा डाग नाही, वास नाही. आणि सगळ्यात नवल म्हणजे मांजर शोधत नव्हती. पिलू दिसेना झालं की मांजर घर डोक्यावर घेते. ही रांजणाखालचं पाणी प्याली आणि बांधाबांधानं निघून गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. पुन्हा कधी कुणाला दिसली नाही.

"वहिनी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हनल्या, मला डोळा लागला व्हता."

"मग?"

"मग काय! पाळी चुकली. जुळं झालं. एक पोरगा, एक पोरगी."

"अरे वा! मच्छिंद्र, हे कधी बोलला नाहीस."

"लई गोड हायेत," तो म्हणाला आणि कप विसळायला उठला. दारापर्यंत जाऊन थांबला. "फकस्त आई एक सांगती, मॅडम. ती पिलं हुडकू नका म्हनावं आता."

*

मावशी ही आमच्या दवाखान्याची मांजर. कुणाचीच नाही, म्हणून आमची. मागच्या खोलीत सलाइनच्या रिकाम्या खोक्यात व्याली. आपा तिला रोज चिकन उकडून आणायच्या, मच्छिंद्र ती ताटली काठीनं ढकलायचा.

एके दिवशी मावशी तोंडात पिलू धरून आली, माझ्या तपासणीच्या टेबलावर उडी मारली आणि पिलू माझ्यापुढं ठेवून बसली. बघते तर बेंबीत पू! मी साफ केलं, औषध लावलं. दोन दिवसांनी दुसरं पिलू. त्याचे डोळे चिकटलेले. तेही साफ केलं. मी फुशारकीनं म्हटलं, "बघा, हिला माझी डिग्री कळते!"

आपा म्हणाल्या, "उसकू बोलो, नंबर लगाके आना!"

मग एका सकाळी तिनं तिसरं आणलं. सगळ्यांत दणकट. मी ताप बघितला, छाती ऐकली, तोंड उघडून बघितलं. काही नाही. खोक्यात नेऊन ठेवलं. तिनं परत आणलं. मी परत ठेवलं. तिनं परत आणलं आणि माझ्याकडं बघत बसली.

"ह्या टायमाला मावशी चुकली, मॅडम," मच्छिंद्र म्हणाला.

संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी मी खोक्यात डोकावले. ते पिलू आईला चिकटून झोपलेलं. हात लावला, तर गार. कुठं खरचटलेलं नाही, काही नाही. मावशी त्याला चाटतही नव्हती. तिचं सकाळीच सांगून झालं होतं.

त्यानंतर ती टेबलाकडं निघाली की आम्ही तिघंही हातातलं काम टाकून बघायचो. आणि एका दुपारी मी बाहेर कुत्र्याला इंजेक्शन देऊन आत येते तर मावशी टेबलावर बसलेली. पुढ्यात पिलू नाही. चप्पल! पुरुषाची, एकच, झिजलेली. तिनं ती माझ्याकडं जराशी सरकवली आणि मच्छिंद्रकडं बघायला लागली.

मच्छिंद्र पांढराफटक पडला. तसाच बाहेर पळाला, मोटारसायकल काढली आणि गेला. संध्याकाळी फोन आला. मोठ्या दवाखान्यात जाऊन ईसीजी, शुगर, छातीचा फोटो, सगळं करून घेतलं होतं पठ्ठ्यानं! "मॅडम, समदं नॉर्मल!" दुसऱ्या दिवशी सकाळी हसत हसत पेढे घेऊन आला. आम्हीही खूश. आपांनी पेढा उचलला, खाली बघितलं आणि हात तसाच राहिला.

"मच्छिंद्रभाऊ, तुम्हारे दोनों चप्पल तो पाँव में हैं. कल भी येच थे ना?"

त्यानं पायाकडं बघितलं. मग आम्ही तिघांनी टेबलावर तशीच पडलेल्या त्या चपलेकडं बघितलं.

*

हा शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

देवगाव रंगारीहून एक जीप आली. ज्ञानेश्वर म्हणून एक शेतकरी, त्याच्याबरोबर त्याची बहीण सुनीता. तिच्या हातात मांजरीची टोपली, त्याच्या हातात पिलांचा खोका. सुनीता बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ जगलं नव्हतं. त्याच आठवड्यात घरातली मांजर व्याली, तीही बाळासाठी शिवून ठेवलेल्या दुपट्यांच्या ढिगावर.

"घरचे म्हनले, गोणीत घालून लांब सोडून ये," ज्ञानेश्वर मला बाजूला घेऊन सांगत होता. "अपशकुनी हाय म्हनत्यात. पन हिनं कुनाला हात लावू दिला नाय. बाळ गेल्यापासनं ही बोलत नव्हती, मॅडम. जेवत नव्हती. आज मांजर थरथराया लागली तवा पहिल्यांदा बोलली. म्हनली, डॉक्टरकडं चल."

मांजर ताठरली होती, जबडा आवळलेला. सगळं कॅल्शियम दुधावाटे निघून गेलं की असं होतं, आणि वेळेत बघितलं नाही तर आई जाते. मी शिरेतून हळूहळू कॅल्शियम सोडलं. मच्छिंद्रनं त्या दिवशी तिला स्वतः धरलं, न सांगता. हळूहळू थरथर थांबली. तिनं डोळे उघडले. सुनीता भिंतीशी बाकावर बसली होती. तिनं एक मोठा श्वास सोडला.

मग मी पिलं तपासली. तीन होती. तिन्हींची छाती ऐकली, ठीक. मग आईचे सड बघितले. पिलं सुरुवातीच्या दिवसांतच आपापला सड ठरवून घेतात. ज्याला कुणी तोंड लावत नाही तो आटतो, त्याच्याभोवती केस तसेच राहतात. हिचे चार सड ओले होते. चौथ्याभोवतीचेही केस झिजून गेलेले.

"एक पिलू दगावलं का?" मी ज्ञानेश्वरला विचारलं.

"नाय. तीनच झाली. मी सोता बघितलंय."

मी त्याला थोडा वेळ थांबायला सांगितलं. अशा मांजरीला लगेच सोडता येत नाही. दुपारची वेळ, लाइट गेलेली, पंखा बंद. बाहेर रस्त्यावरही गाड्या नव्हत्या. मांजर टेबलावरून उतरली, जरा झोकांडत खोक्यापाशी गेली, एक पिलू मानेला धरून उचललं, बाकावर चढली आणि सुनीताच्या मांडीवर ठेवलं. ज्ञानेश्वर तिला हाकलायला उठला. मी त्याला खूण केली, राहू दे. तिनं दुसरं आणलं. तिसरं आणलं. सुनीता हलली नाही, फक्त पदर पसरून दिला.

मग मांजर परत खोक्याकडं गेली.

खोका रिकामा होता. मला वरून आतली दुपटी दिसत होती. मांजरीनं आत तोंड घातलं, एकदा सोडलं, पुन्हा नीट धरलं आणि मान वर केली. तोंडात काही नव्हतं. जबडा मात्र अर्धवट मिटलेला, पिलू धरतात तसा. मान ताठ. पिलाचे पाय जमिनीला घासू नयेत म्हणून मांजरी पाय फाकून चालतात, तशी चालत ती आली. बाकावर उडी मारताना तिचे मागचे पाय घसरले. आधीच्या तिघांच्या वेळी घसरले नव्हते. ती पुन्हा चढली आणि सुनीताच्या मांडीवर, पोटाच्या अगदी जवळ, तोंड खाली करून सावकाश जबडा उघडला. आणि चाटायला लागली.

"या अल्लाह," आपा पुटपुटल्या.

सुनीताला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिनं एक गुडघा वर घेतला, घसरू नये म्हणून घेतात तसा, आणि हात वाकवून आडवा धरला. तिथं लुगड्याला खळगा पडला होता. माझ्याकडं बघून ती बोलली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"मॅडम, तिघांना बघितलं तुमी. ह्याला बी बघा की जरा."

ज्ञानेश्वरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तिची समजूत घालू शकले असते. पण मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसले, स्टेथोस्कोप कानात घातला आणि ती बोटानं दाखवत होती तिथं, त्या खळग्यात, धरला.

मांजर चाटायची थांबली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"मॅडम?" बऱ्याच वेळानं आपांनी विचारलं. "क्या है?"

मी नळ्या कानातून काढल्या.

"सुनीता," मी म्हटलं, "पदर घाल गं वरून. लाइट आली की पंख्याचं वारं लागेल त्याला."